आधी गळती

आमच्या कॉलेजच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर एक यंत्र ठेवलंय. भोवती लाल दोरी, वर पितळी पाटी. पाटीवर पाच नावं आहेत : अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे. या पाचांपैकी एकानंही त्या यंत्राचा एक स्क्रू फिरवलेला नाही. ज्यानं फिरवले त्याचं नाव पाटीवर नाही. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. असलं वाक्य मी एरवी शेवटी, जाड टायपात टाकते. इथं आधीच टाकलं, कारण ते राखून ठेवण्याइतका धीर माझ्याजवळ नाही.

त्या माणसाचं नाव नामदेव बनसोडे. कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणायचे. आमच्याकडच्या कॉलेजांत माणसांच्या दोनच जाती असतात, सर आणि मामा. खडू धरतो तो सर, पाना धरतो तो मामा. सर पंचवीस वर्षांचे असले तरी सर, आणि मामांनी एकवीस वर्षं वर्कशॉप सांभाळलं तरी ते मामाच. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिकलला आम्ही तीन मुली होतो. मी हट्टानं त्यांना सर म्हणायला लागले. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी कानावरची पेन्सिल काढून माझ्यावर रोखली.

"अश्विनी, सर म्हनू नको. सर म्हनलीस की मला चुकायची मुभा मिळती."

उंच, काटकुळे, खांद्यात वाकलेले. खाकी शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी, उजव्या कानावर पेन्सिल. पेन कधीच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पेनानं लिवलेलं खोडता येत न्हाय. मग मानूस त्यालाच धरून बसतो." शिसपेन्सिलीनं ते वहीत लिहायचे, भिंतीवर लिहायचे, लाकडावर लिहायचे. वर्कशॉपमधल्या प्रत्येक यंत्राच्या कडेला त्यांच्या बारक्या अक्षरातला आकडा असायचा. ते यंत्र किती चुकतं, त्याचा आकडा. या लेथचा इतका फरक, त्या गेजचा इतका. आमचे सर हे आकडे कधी वाचायचे नाहीत. आम्ही वाचायचो आणि पास व्हायचो.

एकवीस वर्षं ते हंगामी होते. हे हंगामी प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. दर जूनला नवी ऑर्डर निघते, मे महिन्याअखेर संपते, आणि मध्ये एक दिवसाचा खंड दाखवतात. सलग नोकरी दिसली तर माणूस कायम करावा लागेल ना! म्हणून तो एक दिवस. कागदावर त्या दिवशी तुम्ही या पृथ्वीवर नसता. मामा मात्र त्या दिवशीही यायचे. मस्टरवर सही नाही, चहाच्या यादीत नाव नाही, पण वंगणाचा डबा घेऊन बाळंतिणीला जपावं तशी यंत्रं पुसत बसायचे. मी चिडून म्हणाले, "मामा, आज तरी घरी बसा. तुम्ही आज कामावर नाही आहात."

"मी न्हाय गं. यंत्रं हायत की."

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. अजूनही फिरतं. अशा माणसांच्या चांगुलपणावर संस्था उभ्या राहतात आणि मग त्यांच्याच डोक्यावर बसतात. पण तो मुद्दा पत्रकाचा झाला. मामांकडं येऊ.

मामा मूळचे नातेपुत्याचे. तिथं पाण्याची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. वडील ऊस वाहणारे गाडीवान. उसाची गाडी काट्यावर घेण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का, हे वडील खाली उतरून बघायचे, आणि त्यावरून काटेवाल्याच्या शिव्या खायचे. मामांनी तिथून एकच गोष्ट उचलली. काहीही मोजायचं तर आधी मोजणाऱ्याची चूक मोजायची. त्यांच्या भाषेत, "आधी गळती."

हे दोन शब्द ते कुठंही वापरायचे. आमच्या घरी एकदा जेवायला आले होते. आमच्या आणि त्यांच्या घरात भिंतीवर एकच फोटो, म्हणून येणं-जाणं होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईना. मामा ताटावरून उठले, कुकरच्या कडेला ओली बोटं फिरवली आणि आईला म्हणाले, "ताई, शिट्टीची वाट बघू नका. आधी गळती बघा. रबर गेलंय." आमच्या संघटनेच्या सभेला मी त्यांना नेलं. नेत्यानं तासभर भाषण ठोकलं. बाहेर पडल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "प्रेशर लई. पर गळती बी तेवढीच."

त्या यंत्राला पुस्तकात फ्लो बेंच म्हणतात. मामा त्याला हवेचा काटा म्हणायचे. गोष्ट साधी आहे. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. हेडमध्ये एक वाकडा बोगदा असतो, त्यातून हवा आत जाते. हवा जितकी सहज जाईल तितकी गाडी पळते. म्हणून सोलापुरात सात रस्त्याच्या गॅरेजांत पोरं बाइक घेऊन येतात आणि मेकॅनिक तो बोगदा घासून मोठा करतात. सगळं अंदाजपंचे. घासल्यानं खरंच जास्त हवा जाते का, हे कुणी बघत नाही. आवाज वाढला की पोरं खूश.

मामांना हा अंदाज सहन व्हायचा नाही. आमच्याकडं असलं यंत्र विकत घ्यायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी करायचं ठरवलं. वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, काम सुटल्यावर, दोन वर्षं. फुटक्या नोटीस बोर्डांच्या प्लायवुडची पेटी. भंगारात निघालेल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या तीन मोटरी. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, तिरपी ठोकलेली, तिच्यात कपड्यांना घालायची नीळ कालवलेलं पाणी. पेटीच्या वर वाटीएवढं भोक. भोकावर हेड बसवायचं, मोटरी लावायच्या, मोटरी हेडमधून हवा ओढणार आणि जितकी हवा तितकं निळं पाणी नळीत चढणार. पाण्याशेजारी पट्टी.

बोगद्याच्या तोंडाशी हवा आपटू नये म्हणून गोलसर कड लागते. मामांनी ती कणकेची केली. घरून डब्यात मळलेली कणीक आणायचे. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ती कणीक तासाभरात तडकायची. आठवडाभर हे चाललं, मग एक दिवस मामी स्वतः कॉलेजात आल्या, पदर खोचून.

"घरात पीठ संपतंय, आन् हे म्हन्त्यात इंजनाला खाऊ घालतोय! इंजन खातं व्हय पीठ?"

"खात न्हाय गं. हुंगतंय."

मामी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारच्या लेकराची खेळायची रंगीत माती आणून दिली. ती तडकली नाही. आजही त्या यंत्राला जांभळी-हिरवी माती चिकटलेली आहे. उद्घाटनाच्या भाषणात तिला 'विशेष संयुग' म्हणालेत.

हवा कुठं वळते, कुठं अडते हे बघायला तारेच्या टोकाला सुताचा धागा. हे सूत शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातलं वाया गेलेलं. तार बोगद्यात घातली की धागा ताठ व्हायचा, किंवा गिरक्या घ्यायचा. गिरकी दिसली की मामा जीभ टाळूला लावून च्च करायचे. "हितं अडलीय बघ."

सात रस्त्याच्या गॅरेजवाल्या अन्वरभाईंना मामा काय करताहेत ते कळलं. ते रविवारी एक हेड पिशवीत घालून आले. स्वतः घासलेलं, आरशासारखं.

"क्या मामा, सुना हवा तौलते तुम? ये तौलो जरा. सोलापुरात असं हेड नाही."

मामांनी आधी गळती घेतली. हेड बसवायचं, त्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे बोगद्याची झाकणं, बंद ठेवायचे आणि मोटरी लावायच्या. हवेला जायला रस्ताच नाही, म्हणजे निळं पाणी शून्यावर राहिलं पाहिजे. जे चढेल ती गळती. ती लिहायची आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायची. गळती लिहून झाल्यावर व्हॉल्व्ह उघडले. अन्वरभाईंच्या आरशातून कंपनीच्या साध्या हेडपेक्षा कमी हवा जात होती.

अन्वरभाईंनी बोगद्यात बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "भोक तो बडा है ना?"

"भोक मोठं केलं म्हनून हवा जास्त जाती व्हय? हवा बी वाट बघून चालती."

त्या दिवसापासून अन्वरभाई दर रविवारी यायला लागले. ते मामांना उस्ताद म्हणायचे. अख्ख्या सोलापुरात मामांना त्यांच्या लायकीच्या नावानं हाक मारणारा तो एकच माणूस. त्याच्या पायात स्लीपर होती आणि शिक्षण सातवी.

मग कॉलेजला जाग आली. तपासणी समिती येणार होती. तिला दाखवायला काहीतरी हवं होतं. विभागप्रमुख, म्हणजे आमचे एचओडी सर, शेडमध्ये आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "व्वा मामा, आपण हे केलंय आणि मला माहीतच नाही!" त्या 'आपण'मध्ये ते स्वतःही होते, हे तेव्हाच कळायला हवं होतं. आठवड्यात यंत्र मुख्य लॅबमध्ये हललं. पांढरा रंग मारला गेला. मामांचे पेन्सिलचे आकडे रंगाखाली गेले. एचओडी सरांनी मुलांकडून एक हेड घासून घेतलं, त्याची मोजणी केली आणि हवा किती वाढली यावर शोधनिबंध छापून आणला.

प्राचार्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मामांना त्या केबिनमध्ये खुर्ची मिळाल्याची ती एकमेव वेळ. "बनसोडे, समितीपुढं यंत्र नीट चालवून दाखवा. जूनपासून तुम्ही कायम. माझा शब्द."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कायम झाले असते तर म्हातारपणाला आधार होता. झाले नसते तर काहीच नव्हतं. मामींनी त्या आठवड्यात त्यांच्या दोन्ही शर्टांना इस्त्री करून आणली.

समिती आली त्या दिवशी मी आणि एक मुलगा शोधनिबंधाच्या तक्त्यांशेजारी उभे होतो. पाहुणे यायच्या आधी एचओडी सर मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, आज ते गळती-बिळती नको. वेळ कमी आहे. डायरेक्ट व्हॉल्व्ह उघडा."

"व्हय सर."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. 'व्हय सर' म्हणाले.

समितीत एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, प्रश्न विचारणाऱ्या. मामांनी एचओडींचं घासलेलं हेड बसवलं, बोल्ट आवळले, हात पुसले, मोटरी लावल्या. व्हॉल्व्ह बंद होते. कुणी काही म्हणायच्या आत निळं पाणी चढायला लागलं. चढत चढत अकरावर जाऊन थांबलं. मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावर लिहिलं : गळती ११.

"हे अकरा कशाचं?" बाईंनी विचारलं.

"गळतीचं, म्याडम. हेडचा तळ सपाट न्हाय. फटीतनं हवा जाती."

"मग निबंधात ही वजा केलीय का?"

एचओडी सर खोकले. तक्त्यावर लिहिलेली वाढ बाराची होती. बाईंनी तक्ता बघितला, नळी बघितली. वजाबाकी पहिलीतल्या पोराला जमेल इतकी सोपी होती.

"मोजणी तुम्ही केलीत?" त्यांनी मामांना विचारलं.

"न्हाय. त्या दिवशी मी न्हवतो. माझा खंडाचा दिस होता."

एकवीस वर्षांत मामा खंडाच्या दिवशी आले नाहीत असं एकदाच झालं. त्या वर्षी सरकारी माणूस मस्टर बघायला येणार होता, म्हणून गेटवरून त्यांना परत पाठवलं होतं. नेमकी त्याच दिवशी एचओडींनी मोजणी उरकली. नोकरी तोडायला म्हणून संस्थेनं जो दिवस शोधून काढला, त्याच दिवशी तिचं शास्त्रही तुटलं. हे मी रचलेलं नाही. मला इतकं छान रचता येत नाही.

नंतर मी मामांना गाठलं. "मुद्दाम केलंत ना?"

"हात गेला गं."

"खोटं बोलताय."

ते सांडलेली नीळ पुसत राहिले.

जून आला. बाकी सगळ्यांच्या ऑर्डरी आल्या, मामांची आली नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही. तोंडी सांगितलं, पद राहिलं नाही. मी तोवर पास होऊन कंत्राटी कामगारांच्या संघटनेत पूर्णवेळ काम करायला लागले होते. मी रागानं पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. खंडाचा दिवस, प्राचार्यांचा शब्द, अकराचा आकडा, सगळं. आणि पहिल्या ओळीत : 'परदेशी यंत्रांच्या तोंडात मारेल असं यंत्र बनवणाऱ्या कामगाराला हाकललं!'

छापलेलं पहिलं पत्रक मामांना दाखवायला नेलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीवर काट मारली.

"हे खोटं हाय."

"मामा!"

"परदेशी यंतर तू बघितलंयस? मी बी न्हाय."

"हे आपल्या बाजूचं आहे मामा. लोकांनी थांबून वाचलं पाहिजे."

"मग आपल्या बाजूची गळती कुनी मोजायची?"

मी म्हणाले, छापून झालंय. आणि वाटलं. गेटवर, सात रस्त्याला, जुळे सोलापुरात एचओडींच्या बंगल्यासमोर. पाचशे प्रती, न खोडलेल्या.

गवगवा झाला तसं संस्थेनं मामांना आपल्या ऑफिसात सुनावणीला बोलावलं. त्यांच्यासोबत मला आत बसू दिलं. प्राचार्यांना बाकीच्या पत्रकाशी देणंघेणंच नव्हतं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं म्हणणं आहे का? हो की नाही?"

मी टेबलाखालून मामांच्या पायावर पाय दाबला.

"न्हाय," मामा म्हणाले. "ही ओळ खोटी हाय. बाकी समदं खरं हाय."

कारकुनानं इतिवृत्तात लिहिलं : पत्रकातील मजकूर खोटा असल्याचे श्री. बनसोडे यांनी मान्य केले. मी ओरडले, "पुढचं लिहा! बाकी खरं आहे ते लिहा!" कारकुनानं पेनाला टोपण घातलं. सुनावणी संपली होती.

त्यानंतर सहा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. तुम्ही एकदा तरी खोटं बोलायचं होतं, एकदाच, असं मला वाटत होतं. माझी ओळ कापरासारखी पेटली आणि घर त्यांचं जळलं, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. ते नातेपुत्याला परत गेले, पुतण्याच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात. आमचं घर जवळच असून निघताना ते सांगायला आले नाहीत. रागावले होते म्हणून, की मी बोलत नव्हते म्हणून, मला माहीत नाही.

मग एक दिवस फोन आला. "अश्विनी, दाखला न्यायला येतोय. तुजी गाडी हाय का?"

अनुभवाचा दाखला संस्थेनं वर्षभर अडवून ठेवला होता. मी स्टँडवरून त्यांना गाडीवर घेतलं. ऑफिसात अर्धा तास उभं राहिल्यावर कागद मिळाला. 'हंगामी प्रयोगशाळा मदतनीस. वर्तणूक समाधानकारक.' यंत्राचा उल्लेख नाही. मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, स्टीलच्या पट्टीमागं.

बाहेर पडताना दाराशी शाळेची सहल उभी होती. कोट घातलेला एक तरुण सर मुलांना लॅबमधून दाराशी आणून मांडलेलं यंत्र दाखवत होता. यंत्रावर हेड नव्हतं, नुसतं भोक. शेजारी हिरवं बटण. एकेक पोरगं बटण दाबत होतं, मोटरी घोंघावत होत्या, निळं पाणी चढत होतं, पोरं टाळ्या वाजवत होती. "बघा, अशा प्रकारे हवा मोजली जाते."

मामा रांगेत उभे राहिले. शेवटच्या पोराच्या मागं, हातात पिशवी घेऊन. नंबर आला तसं त्यांनी लाल दोरी ओलांडली, बटण दाबलं आणि उजवा तळहात त्या भोकावर गच्च ठेवला. हवेला रस्ता बंद. पाणी शून्यावर यायला पाहिजे होतं.

आलं नाही. जरासं उतरलं आणि चौदावर थांबलं. हलवाहलवीत पेटीचे सांधे उसवले होते, आणि ते भरायचे असतात हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ओ मामा!" वॉचमन धावत आला. "हात लावायचा न्हाई त्याला!"

मामांनी हात उचलला. तळहातावर वाटीएवढा लाल गोल उठला होता. त्याच हातानं त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वाकले, आणि पांढऱ्या रंगावर, पितळी पाटीच्या बरोबर खाली, बारक्या अक्षरात लिहिलं : गळती १४.

"हे काय लिवलंव?" वॉचमन म्हणाला. "सायेब वरडतील की!"

"पेन्सिल हाय. पुसता येतंय."

मग मुलांकडं वळून, त्यांच्या सरांकडं न बघता, म्हणाले, "पोरांनो, चौदा वजा करा." आणि तळहात उघडा धरून, त्या गोलाकडं बघत, ते गेटकडं चालायला लागले.

परवा एका कामासाठी कॉलेजात गेले होते. पाटी चकचकीत पुसलेली होती. खालचा आकडा तसाच होता. कसला आहे ते कुणाला कळत नाही, म्हणून कुणी पुसत नाही.